मॉडेल रॉकेटची मोडलेली फिन, जळालेली शॉक कॉर्ड आणि हरवलेला लाँच लग घरी बनवता येतो का?

तुम्ही लिहिलंय की रॉकेट खाली येताना एक फिन (शेपटीचा पंख) मोडली, लाँच लग (उडताना रॉकेटला सरळ ठेवणाऱ्या उभ्या रॉडवर सरकणारी बारीक नळी) निखळून कुठेतरी पडला आणि शॉक कॉर्ड (नोज कोन, म्हणजे रॉकेटचं टोक, नळीला बांधून ठेवणारी दोरी) जळून तुटली. किट जुनं, त्यामुळे सुटे भाग मिळत नाहीत, घरी थ्रीडी प्रिंटर नाही. मग हे भाग हाताने बनवावेत की नवं किट घ्यावं, हा प्रश्न.

नवं किट घेऊ नका. तिन्ही भाग कागद, बाल्सा (अगदी हलकं, मऊ लाकूड), दोरा, इलॅस्टिक आणि गोंद एवढ्यावर होतात. मी बरीच वर्षं रॉकेटं दुरुस्त करत आले आहे, आणि माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या रॉकेटमध्ये मूळ किटचं म्हणावं असं नोज कोन आणि निम्मी नळी एवढंच उरलंय. ते अजून सरळ उडतं.

फक्त लगेच कापायला बसू नका. आधी मोडलेले तुकडे टेबलावर मांडा आणि कुठला भाग आधी गेला असेल ते शोधा. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, या तीन वेगळ्या तुटी नाहीत. इजेक्शन चार्जच्या, म्हणजे पॅराशूट बाहेर फेकायला मोटर शेवटी उडवते त्या पुडीच्या, गरम वायूने कॉर्ड आधीच करपली असणार. ती तुटली की पॅराशूट नोज कोनसोबत वाऱ्यावर निघून जातं आणि नळी एकटी, कशाचाही आधार नसताना, खाली येते. तशी आपटली की फिन मोडणारच. म्हणजे फिन कितीही सुंदर बनवलीत तरी कॉर्ड नीट झाली नाही तर पुढच्याच उड्डाणात तीही जाईल. म्हणून आधी कॉर्ड.

जळालेलं टोक बघा. टोक काळं आणि कडक असेल तर वॅडिंग (गरम वायू अडवायला मोटर आणि पॅराशूटच्या मध्ये भरतात तो पेट न घेणारा कागद) कमी पडलं होतं. नळीच्या व्यासाच्या दीड-दोन पट जाडीचा वॅडिंगचा सैल थर हवा, ठासून भरलेला नको आणि कडेला फट राहील असाही नको. टोक काळं नसून रबराला बारीक भेगा पडल्या असतील तर इलॅस्टिक वयाने गेलंय. दोन-तीन वर्षं न उडवलेल्या रॉकेटात असं फार होतं.

नवी कॉर्ड मी दोन तुकड्यांत करते. नळीच्या आत राहणारा भाग केव्हलार या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, कारण केव्हलार वितळत नाही. नायलॉन मात्र अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून आतल्या भागाला नायलॉन नकोच. केव्हलारचा हा तुकडा नळीच्या तोंडाच्या आतच संपला पाहिजे. तो बाहेर आला आणि झटका बसला तर दोरा नळीची कड सुरीसारखा उभी चिरत जातो. रॉकेटवाले याला झिपर म्हणतात आणि झिपर झालेली नळी पूर्वीसारखी होत नाही. केव्हलारच्या पुढे शिवणकामाचं चपटं इलॅस्टिक. दोन्ही मिळून लांबी रॉकेटच्या दुप्पट ते तिप्पट ठेवा. आखूड कॉर्डमध्ये नोज कोन ताणून परत येतो आणि नळीच्या तोंडावर किंवा फिनवर आदळतो. तुमच्या नळीच्या कडेला अर्धगोल खळगा दिसत असेल तर तो याच माराचा आहे.

कॉर्ड नळीत बसवायची रीत जुनीच आहे आणि ती मोडण्यासारखी नाही. साधारण चार बाय सात सेंटिमीटरचा जाडसर कागद घ्या, त्याला तीन घड्या पाडा. पहिल्या घडीवर गोंद लावून कॉर्डचं टोक तिरकं ठेवा, घडी मारा, पुन्हा गोंद, पुन्हा घडी. ही पुडी ओली असतानाच अंगठ्याने वाकवून नळीच्या आतल्या गोलाईसारखी करा आणि तोंडापासून निदान चार सेंटिमीटर आत चिकटवा. वर चिकटवलीत तर नोज कोनची मान (नळीत बसणारा भाग) तिच्यावर अडकेल, आणि अडकलेला नोज कोन म्हणजे न उघडलेलं पॅराशूट. जुन्या पुडीचा फुगवटा आत शिल्लक असेल तर तो सोलू नका, नळीचा आतला थर निघून येतो. तो तसाच राहू द्या आणि नवी पुडी समोरच्या बाजूला लावा.

आता फिन. घरी दुरुस्ती करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते आणि ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

फिन मोडली की पहिला विचार येतो, या वेळी मजबूत करू. माझ्या पंचवीस मिलिमीटर नळीच्या एका रॉकेटच्या दोन फिना मोडल्या तेव्हा मी चारही काढून टाकल्या आणि बर्चच्या प्लायवूडच्या नव्या केल्या, तेवढ्याच आकाराच्या आणि तेवढ्याच जाडीच्या. दिसायला उत्तम. पण बाल्साची घनता घनमीटरला साधारण १६० किलो आणि बर्च प्लायची साडेसहाशेच्या वर. एका फिनचं वजन एक ग्रॅमवरून चार ग्रॅमवर गेलं. चार फिनांचे मिळून बारा ग्रॅम वाढले, आणि तेही अगदी शेपटीला. मोटरसकट साठ ग्रॅमच्या रॉकेटात शेपटीला बारा ग्रॅम म्हणजे गुरुत्वमध्य तीन सेंटिमीटरच्या आसपास मागे सरकतो. रॉकेट सरळ जायचं तर गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या (हवेचा सगळा दाब जिथे एकवटला असं धरता येतं तो बिंदू) पुढे, निदान एका नळीच्या व्यासाइतका असावा लागतो. माझ्याकडे जेमतेम तेवढंच अंतर होतं, तेही संपलं. रॉकेट रॉड सोडल्यावर दोन पुरुष उंच गेलं आणि तिथेच कोलांट्या घेऊ लागलं. सुदैवाने सगळे लांब उभे होते. पण मोटर जळत असलेलं रॉकेट कुठल्या दिशेला जाईल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि ते काही सेकंद मी विसरलेले नाही.

म्हणून माझा नियम: बदली भाग मूळ भागाच्या वजनाचा असावा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर मोडलेल्या फिनचे तुकडे गोळा करून तोला, आणि नव्या फिनचं वजन त्याच्या जवळ आणा.

आकार मिळवायचा तर शाबूत फिनचा घ्या. रॉकेट आडवं धरून फिनखाली कागद सरकवा आणि टोकदार पेन्सिलीने कड गिरवा. मुळाची कड, म्हणजे नळीला चिकटते ती बाजू, मोजून वेगळी आखा. गोंदाच्या भरावामुळे ती गिरवताना नेहमी चुकते. हा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून साचा कापा आणि तो जपून ठेवा. आज एक फिन मोडली, उद्या दुसरी मोडेल.

बाल्साच्या फळीवर साचा ठेवताना लाकडाचे रेषे बघा. रेषे फिनच्या पुढच्या तिरप्या कडेला समांतर जायला हवेत. रेषे नळीला समांतर गेले तर फिन मुळाशी बिस्किटासारखी तुटते. तुमची मोडलेली फिन अशी स्वच्छ सरळ रेघेत तुटली असेल तर किटचीच फळी उलटी छापलेली असू शकते. मग राहिलेल्या फिनांकडेही लक्ष ठेवा. कापताना नवी ब्लेड आणि हलके तीन-चार हात. एका जोरात कापलं की बाल्सा कापला न जाता चेंगरतो.

मग पॉलिश पेपर. ४०० नंबरचा, सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला. पुढची कड गोल, मागची निमुळती, मुळाची कड मात्र अगदी चौकोनी आणि सपाट. मुळाची कड गोल झाली की सांधा गेला. फिनला ताकद हवीच असेल तर लाकूड बदलू नका, दोन्ही बाजूंना पातळ लिहायचा कागद गोंदाने चिकटवा आणि जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवा. वजन किंचितच वाढतं आणि फिन आश्चर्य वाटावं इतकी ताठ होते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावायचा, नाहीतर सुकताना फिन केळीसारखी वाकते.

चिकटवण्याबद्दल. तुमची फिन मुळाशी सुटून आली असेल तर तिच्या कडेला नळीचा चकचकीत कागद चिकटून आलाय का बघा. आला असेल तर गोंदाने त्याचं काम चोख केलं होतं, दोष त्या गुळगुळीत थराचा. नळ्यांवर हा थर बहुतेक वेळा असतो आणि रंगाचा थर त्याच्यावर. दोन्ही खरवडून खालचा खरखरीत कागद उघडा झाला पाहिजे, पण फक्त फिनच्या जाडीएवढ्या पट्टीत. तुमचा लाँच लग निखळला त्याचंही कारण मला हेच वाटतं: तो रंगावर चिकटवलेला होता.

सुतार वापरतात तो पांढरा किंवा पिवळा गोंद घ्या. सुपरग्लू पटकन धरतो पण सांधा ठिसूळ होतो आणि आपटलं की टचकन सुटतो. फिनच्या मुळाला आणि नळीवर, दोन्हीकडे पातळ थर द्या, फिन एकदा टेकवून लगेच काढा आणि दोन-चार मिनिटं थांबा. गोंद चिकट व्हायला लागला की पुन्हा एक पातळ थर आणि आता कायमची बसवा. अशी बसवलेली फिन मिनिटभरात स्वतःची स्वतः उभी राहते. दुसऱ्या दिवशी सांध्याच्या दोन्ही बाजूंना गोंदाची रेघ ओढून बोटाने गोलाई द्या. ही गोलाई एकदम जाड देऊ नका, पातळ दोनदा द्या. जाड गोंद सुकताना आक्रसतो आणि आत पोकळ्या राहतात.

एकच फिन बदलायची असल्याने तुमचं काम जरा सोपं आहे, जुन्या फिनची खूण नळीवर असेल. खूण गेली असेल तर नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, जिथे टोकं मिळतात तिथे खूण करा, पट्टी सपाट करून तीन किंवा चार सारखे भाग पाडा आणि पुन्हा गुंडाळा. नळीवर लांबीला सरळ रेघ हवी तर नळी दाराच्या चौकटीच्या खाचेत आडवी धरा आणि चौकटीच्या कडेने पेन्सिल ओढा. डोळ्याच्या अंदाजाने ओढलेली रेघ दोन अंश तरी चुकते आणि रॉकेट वर जाताना गिरक्या घेतं.

लाँच लग हा सगळ्यात सोपा भाग. तुमचा रॉड नेहमीचा ३.२ मिलिमीटरचा असेल तर आतून चार मिलिमीटरची नळी हवी. चार मिलिमीटरची विणकामाची सुई घ्या, तिला मेण चोळा. साध्या छपाईच्या कागदाची पाच सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. पहिला वेढा कोरडा, पुढचे गोंद लावून, घट्ट. चार-पाच वेढे पुरतात. अर्धवट सुकल्यावर सुई गोल फिरवून काढून घ्या. पूर्ण सुकेपर्यंत थांबलात तर ती बसलेलीच राहील. सुकल्यावर पुढचं टोक तिरकं कापा, हवेचा अडथळा कमी होतो. मी एकाऐवजी दोन आखूड तुकडे लावते, एक गुरुत्वमध्याच्या जवळ आणि एक मागे. दोन्ही एका रेषेत यावेत म्हणून चिकटवताना रॉडच त्यांच्यातून ओवून ठेवते. लगच्या आत गोंदाचा एक थेंबही राहिला तरी रॉकेट रॉडवर अडतं, म्हणून सुकल्यावर रॉड वरखाली करून बघा. तो स्वतःच्या वजनाने घसरला पाहिजे.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. रॉकेट तसं आपटलं असेल तर मोटर बसते तो आतला सांगाडाही तपासा. रिकामी वापरलेली मोटर आत घालून हळू हलवा. हलली तर सेंटरिंग रिंग, म्हणजे मोटरची नळी रॉकेटच्या नळीच्या मधोमध धरणारी कडी, सुटलीय. पुठ्ठ्याची रिंग गोल कापणं कठीण जातं, म्हणून मी ती कापतच नाही, गुंडाळते. समजा १८ मिलिमीटर मोटरची नळी बाहेरून १८.७ आहे आणि रॉकेटची नळी आतून २४.१. दोन्हींमधली फट प्रत्येक बाजूला २.७ मिलिमीटर. एक सेंटिमीटर रुंद, ०.२ मिलिमीटर जाडीच्या तपकिरी कागदाची पट्टी मोटरच्या नळीवर गोंद लावत गुंडाळली की तेरा-एक वेढ्यांत ती फट भरते. साधारण नव्वद सेंटिमीटर पट्टी लागते, गोंदाची जाडी धरली तर थोडी कमीच. अधूनमधून नळीत घालून बघायचं आणि घट्ट पण न दाबता सरकेल तिथे थांबायचं. अशी रिंग आपोआप मध्यावर येते. पुठ्ठाच कापायचा असेल तर कंपास कटरने आधी बाहेरचं वर्तुळ कापा आणि मग आतलं, नाहीतर मध्यबिंदूच गळून पडतो.

मोटर पुढे सरकू नये म्हणून आत जी कडी असते ती वापरून झालेल्या मोटरच्या रिकाम्या कवचातून पाच-सहा मिलिमीटर कापून होते. कवच जाड कागदाचं असतं आणि माप तर बरोबर त्याच नळीचं. मात्र ज्या मोटरने उड्डाणही केलं आणि शेवटचा इजेक्शन चार्जही उडवला, तिचंच कवच घ्या. न पेटलेल्या किंवा अर्धवट जळलेल्या मोटरला ब्लेड लावू नका. ही कडी मन लावून चिकटवा: सी६ मोटरचा (मोटरच्या नावातलं अक्षर ए, बी, सी असं पुढे जाईल तशी ती मोठी) जोर क्षणभर १४ न्यूटनच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ दीड किलोचं वजन त्या कागदी कडीवर येतं. मोटर हुक (मोटर मागे निसटू नये म्हणून धरणारा आकडा) वाकला असेल तर पक्कडीने परत सरळ करता येतो, पण ज्योतीवर तापवून नव्हे; स्प्रिंगचं पोलाद तापलं की त्याची लवचिकता जाते. नवा हुक स्प्रिंगच्या तारेचा करता येतो, तार कापताना चष्मा लावा.

घरी काय बनवायचं नाही तेही सांगते. मोटर नाही, इग्नायटर (मोटर पेटवणारी वात) नाही, इजेक्शनची पूड नाही. हा छंदच त्यासाठी जन्माला आला. अमेरिकेत नेब्रास्कामधल्या नॉरफोक गावात चपलांचं दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी भाऊ रॉबर्ट यांच्यासोबत १९५४ मध्ये कागदी नळी आणि बदलता येणारी तयार मोटर असलेलं छोटं रॉकेट केलं. पुढे व्हाइट सँड्सच्या चाचणीतळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइन यांनी ते लोकांपर्यंत नेलं, कारण धातूच्या नळ्यांत स्वतः इंधन ठासताना मुलं हातपाय गमावत होती, काही जिवानिशी जात होती. मोटर कारखान्याची आणि बाकी सगळं आपल्या हातचं, ही वाटणी तेव्हापासूनची. नोज कोन, नळी आणि फिन यांत धातू वापरायचा नाही हा नियमही त्याच काळजीतून आला.

पॅराशूट फाटलं असेल तर पातळ पॉलिथिनचा षटकोन कापा, दोऱ्यांची लांबी पॅराशूटच्या व्यासाइतकी ठेवा आणि दोरा जिथे बांधायचा तिथे दोन्ही बाजूंनी टेप लावा. तीस सेंटिमीटर व्यासाखाली पन्नास ग्रॅमचं रॉकेट सेकंदाला चार मीटरच्या आसपास वेगाने उतरतं, ते फिनांना झेपतं. शंभर ग्रॅमला मात्र तो वेग साडेपाचवर जातो, तेव्हा पॅराशूट मोठं घ्या.

सगळं सुकल्यावर रॉकेट नोज कोनला धरून उचला. नळी खाली पडता कामा नये, पण दुसऱ्या हाताने हलकं ओढलं की सुटली पाहिजे. सैल वाटलं तर नोज कोनच्या मानेला मास्किंग टेपचा एक वेढा द्या, घट्ट वाटलं तर मान पॉलिश पेपरने घासा.

मग मोटर, वॅडिंग, पॅराशूट सगळं भरून रॉकेट पट्टीच्या कडेवर तोलून गुरुत्वमध्य शोधा. दाबमध्य काढायचं गणित जेम्स बॅरोमन यांनी पत्नी ज्युडिथ यांच्यासोबत १९६६ मध्ये छंदवाल्यांसाठी सोप्या रूपात मांडलं. ओपनरॉकेट या मोफत संगणक प्रणालीत मापं भरली की ते गणित आपोआप होतं. संगणक नको असेल तर गुरुत्वमध्यावर दोरा बांधा, टेपने पक्का करा, दोन-अडीच मीटर दोरा सोडून मोकळ्या जागेत रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवा. नोज पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं किंवा उलटं फिरलं तर नोज कोनमध्ये मळलेल्या मातीची छोटी गोळी बसवून पुन्हा फिरवा. ही चाचणी जरा कडक आहे, काही चांगली रॉकेटंही तिच्यात नापास होतात, पण पास झालेलं रॉकेट मी निर्धास्त उडवते.

पहिलं उड्डाण किट चालवू शकेल अशा सगळ्यात छोट्या मोटरवर करा, ए वर्गाची चालत असेल तर तीच. उंची कमी, रॉकेट डोळ्यांसमोर राहतं. खाली आल्यावर इलॅस्टिकचं नळीकडचं टोक आधी बघा. ते करपलेलं नसेल तर पुढच्या वेळी बी मोटर लावा.